एकाच संध्याकाळी दोन शाकॉन

सोलो रिसायटल करायचं आणि त्यात मूळ पियानोसाठी लिहिलेली एकही रचना घ्यायची नाही, असं मी ठरवलं तेव्हा पहिलं नाक मुरडलं ते माझ्या मिसनी. पुण्यात कॅम्पात पियानो शिकलेल्यांना ‘मिस’ म्हणजे कोण ते सांगावं लागत नाही. माझ्या मिस पारशी, ऐंशीच्या पुढच्या, अजूनही मेट्रोनोम न लावता टेम्पो बरोबर सांगणाऱ्या. कार्यक्रमाचा कागद त्यांनी डोळ्यांजवळ धरला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, “दीकरा, बाखने कीबोर्डसाठी एवढं लिहून ठेवलंय. ते सगळं वाजवून संपलं का तुझं?”

प्रश्न खोचक होता आणि रास्तही. अठराव्या शतकातल्या या जर्मन संगीतकाराचे चोवीस-चोवीस प्रिल्यूड-फ्यूगचे दोन खंड, सहा पार्टिटा, इंग्लिश आणि फ्रेंच सुइट, गोल्डबर्ग व्हेरिएशन्स. एवढं घरात असताना व्हायोलिनचं, ऑर्गनचं, ओबोचं संगीत उचलून पियानोवर कशाला आणायचं? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला मोठमोठे पियानोवादक हे सर्रास करत. मग जुनं संगीत जुन्याच वाद्यांवर, त्या काळच्या पद्धतीने वाजवायची चळवळ आली, आणि ट्रान्स्क्रिप्शन, म्हणजे एका वाद्याचं संगीत दुसऱ्या वाद्यावर उतरवणं, म्हटलं की शिकवणारी मंडळी तोंड वाकडं करू लागली. मिसचं शिक्षण त्याच काळातलं.

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडाने देण्यापेक्षा कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच ठेवलं. वायमारला दरबारी नोकरीत असताना, १७१३-१४ च्या सुमारास, खुद्द बाखने इटालियन कॉन्चेर्तो, म्हणजे एखादं वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, एकामागून एक कीबोर्डवर उतरवले. तिथल्या ड्यूकचा पुतण्या योहान अर्न्स्ट नेदरलँड्समधून शिकून परतला, तो नव्या संगीताचं बाड घेऊनच. बाखने त्यातलं बरंचसं विवाल्डीचं घेतलं, आणि आलेस्सान्द्रो मार्चेल्लोचा डी मायनरमधला एक ओबो कॉन्चेर्तोही घेतला. बाखच्या रचनांच्या यादीत तो बीडब्ल्यूव्ही ९७४ या क्रमांकाने आहे. त्यातला मधला संथ भाग, अदाजिओ, बऱ्याच लोकांनी कुठे ना कुठे ऐकलेला असतो. नाव मात्र माहीत नसतं.

मला या अदाजिओचं वेड आहे ते एका विशिष्ट कारणासाठी. छापील मार्चेल्लोत ओबोची ओळ अगदी साधी आहे, लांब लांब स्वर. ओबोवाला श्वास धरून तो स्वर हळूहळू फुगवू शकतो. हार्पसिकॉर्डवर, म्हणजे पियानोआधीच्या कीबोर्डवर, तार एकदा छेडली की संपलं, जोर वाढवायची सोयच नाही. मग बाखने त्या लांब स्वरांच्या जागी नक्षी भरली, प्रत्येक वळण अक्षरशः लिहून काढलं. आता तीच नक्षी आधुनिक पियानोवर वाजवायची म्हणजे गोची अशी, की पियानोला कमीजास्त जोरही येतो आणि स्वर लांबवणारं पायातलं पेडलही असतं. नक्षी आहे, वर चढउतार आहे, वर पेडल आहे. तिन्ही एकदम घातलं की जिलबीवर श्रीखंड. मी डाव्या हाताचे ते एकसारखे टोले जवळजवळ पेडलशिवाय ठेवले आणि उजव्या हातातली नक्षी ओझरती घेतली, जणू वाजवणाऱ्याला ती आत्ताच सुचतेय.

हे करताना आजोबांची पेटी सतत मनात होती. ते नाट्यपदं वाजवायचे, हौसेने. पेटीवर मींड निघत नाही, दोन स्वरांच्या मधली जागा तिला नाहीच. म्हणून तर आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केलं आणि ते किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. तरी त्याच पेटीवर गोविंदराव टेंब्यांनी सोलो वादनाची मैफल उभी केली. गळ्यातलं कळांवर आणताना काय सोडायचं, आणि सोडलेलं आहे असा भास कुठे निर्माण करायचा, हे आपल्याकडच्या पेटीवाल्यांना बुसोनी, म्हणजे बाख पियानोवर उतरवणारा पियानोवादक-संगीतकार, न वाचताच कळलेलं होतं. मिसना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “पेटीचं ठाऊक नाय. बस, पेडल कमी कर.”

मार्चेल्लोनंतर बुसोनीने पियानोसाठी केलेले बाखचे दोन कोराल प्रिल्यूड, म्हणजे चर्चमधल्या गाण्यांवर रचलेले ऑर्गनचे तुकडे. फेरुच्चो बुसोनीने असे दहा कोराल १८९८ साली प्रसिद्ध केले. त्यातला एफ मायनरमधला ‘इश रुफ त्सु दिर’ दिसायला इतका सोपा, की माझे परीक्षेला बसणारे विद्यार्थी पाचेक मिनिटांत स्वर वाचून दाखवतात. ऑर्गनवर तीन स्वतंत्र ओळी असतात: उजव्या हातात गाणं, डाव्या हातात न थांबणारी मधली ओळ, पायांत बास. पियानोवर हे सगळं दोन हातांत बसवायचं. पायांचं काम डाव्या हातावर आलं, की मधली ओळ बेघर होते आणि दोन्ही हातांनी ती वाटून घ्यावी लागते. म्हणजे उजव्या हाताची चौथी-पाचवी बोटं गाणं धरून बसलेली आणि त्याच हाताचा अंगठा मधल्या ओळीचे दोन स्वर हळूच देऊन पुन्हा डाव्याकडे सोपवणार. हात बदलला हे ऐकू आलं की मजा गेली. मी तो असा बसवला: दोन ओळी वाजवायच्या आणि तिसरी तोंडाने गायची, आणि आळीपाळीने तिन्ही. मधली ओळ गाताना माझी दमछाक व्हायची. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलंही, की रोज संध्याकाळी कसली आरती चाललेली असते.

पण कार्यक्रमाचा कणा होता शाकॉन, म्हणजे एका जुन्या नाचाच्या लयीवर बांधलेली रचना.

बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या सहा रचनांची त्याने स्वतः लिहिलेली सुवाच्य प्रत १७२० सालची आहे. त्यातल्या डी मायनर पार्टिटाचा हा शेवटचा भाग, आधीचे चारही भाग मिळून होतील जवळजवळ तेवढा लांब. चार बारांचा एक सांगाडा आणि त्यावर एकामागून एक साठाहून अधिक वेळा नवं काहीतरी. तीनच्या तालात, आणि सुरुवात दुसऱ्या मात्रेवर. आपल्या कानाला पहिल्या फटक्यालाच सम धरायची सवय, त्यामुळे नवखा माणूस पहिले काही बार हमखास चुकीच्या ठिकाणी मान हलवतो. वाजवणाऱ्यानेही तीच सम धरली तर नाचाची सगळी लय कोसळते.

पियानोवर या शाकॉनची दोन मोठी रूपं आहेत. एक जर्मन संगीतकार ब्राम्सचं, १८७७ मधलं, फक्त डाव्या हातासाठी. दुसरं बुसोनीचं, १८९३ च्या सुमाराचं, तो अमेरिकेत होता त्या काळातलं. दोन्ही हात आणि पियानोची सगळी उंची-खोली वापरणारं. बुसोनीचं नाव बाखला इतकं चिकटलं होतं, की त्याच्या बायकोची ओळख एकदा कुणीतरी ‘मिसेस बाख-बुसोनी’ अशी करून दिली, असा किस्सा सांगतात. पियानोवादक सहसा यातलं एक निवडतात. मी दोन्ही घ्यायचं ठरवलं: मध्यंतराआधी ब्राम्स, शेवटी बुसोनी. मिस म्हणाल्या, लोक मध्यंतरात घरी जातील.

तयारीला लागण्यापूर्वी मी एका व्हायोलिनवाल्या मैत्रिणीला घरी बोलावलं आणि सुरुवातीचे आठ बार पुन्हा पुन्हा वाजवायला लावले. मी तिच्या उजव्या हाताकडे बघत होते. व्हायोलिनचा ब्रिज वरून गोल असतो, म्हणून चार तारांना बो एकदम लागत नाही. चार स्वरांचा कॉर्ड आला की ती खालच्या दोन तारांवर बो टाकायची, लगेच मनगट कलतं करून वरच्या दोन तारांवर जायची. खालचे स्वर तेवढ्यात थांबलेले असतात. पण कान त्यांना सोडत नाही; वरचे दोन वाजताना खालचे दोन चालूच आहेत असं ऐकू येतं. “मी ते वाजवत नाहीये,” ती हसून म्हणाली, “तू वाजवतेयस.” तिच्या त्या वाक्यावर मी दोन्ही शाकॉन उभे केले. बाखचं हे अख्खं लिखाण ऐकणाऱ्याकडून काम करून घेतं, आणि पियानोला ते काम परस्पर उरकून टाकायची फार सोय आहे. चार स्वर दाबा, पेडल धरा, झालं.

ब्राम्सला हे नेमकं टाळायचं होतं असं मला वाटतं. त्याने आपल्या पियानोवादक मैत्रिणीला, क्लारा शुमानला, पाठवलेल्या पत्रात त्याचं कारण दिलंय: एका हाताने वाजवताना तशाच अडचणी येतात, तशीच झटापट होते आणि आपण व्हायोलिन वाजवतोय असं वाटतं. त्याने जवळजवळ काहीच भर घातली नाही. मूळ ओळ एक सप्तक खाली घेतली आणि हात एकच ठेवला. योगायोग असा, की क्लाराने तेव्हाच एक ड्रॉवर उघडताना उजव्या हाताची शीर ताणून घेतली होती, त्यामुळे तिच्या हातात ही भेट अगदी वेळेवर पडली.

डाव्या हाताचं गणित समजून घ्यायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. एरवी डाव्या हातात करंगळी राज्य करते, बास तिच्याकडे असतो; अंगठा मधले भरावाचे स्वर देतो. इथे गाणं सगळं अंगठ्यावर. अंगठा हे हातातलं सगळ्यात जाडं, सगळ्यात मठ्ठ बोट, आणि त्याने व्हायोलिनची वरची तार व्हायचं. मी आठवडेच्या आठवडे फक्त वरची ओळ फक्त अंगठ्याने वाजवत होते, दुसरं कुठलंही बोट न लावता. मग कॉर्ड: करंगळीने बास, तो हवेत विरायच्या आत पेडलने पकडायचा, आणि कोपर बाहेर काढून अंगठ्याला वर पोचवायचं. पेडल पूर्ण दाबलं तर मागचा कॉर्ड पुढच्यात मिसळतो. अर्ध्यावर, तारांचा आवाज थांबवणारे डॅम्पर त्यांना जेमतेम टेकलेले असताना, बास धूसर होऊन उरतो. मैत्रिणीच्या खालच्या दोन तारा मला तिथे सापडल्या. हे अर्धं पेडल मात्र प्रत्येक पियानोवर वेगळ्या खोलीवर असतं.

बाक मी नेहमीपेक्षा उजवीकडे सरकवला, म्हणजे डावा हात वरच्या सप्तकात गेला तरी छातीशी अडकत नाही. राहता राहिला उजवा हात. त्याला काही काम नाही म्हटल्यावर तो भलतंच करू लागतो: मूठ आवळतो, खांदा वर चढतो, आणि तो ताण पाठीवरून फिरून डाव्या मनगटात उतरतो. बाकाची कड धरून पाहिली तर आणखी वाईट. शेवटी तळवा उघडा ठेवून मांडीवर ठेवला. मिसनी एक नियम घालून दिला होता: डावा हात दुखला की तिथेच झाकण बंद, एकही बार पुढे नाही. त्यांनी स्वतः तरुणपणी हट्टाने हात दुखावून घेतला होता, त्यामुळे यावर वाद नव्हता.

शाकॉनमध्ये एक लांबलचक जागा आहे, जिथे बाखने नुसते कॉर्ड उभे लिहिलेत आणि वर ‘आर्पेजिओ’ एवढाच शब्द, म्हणजे स्वर एकदम नाही, एकामागून एक. कसे मोडायचे ते वाजवणाऱ्यावर सोडलंय. ब्राम्सने आणि बुसोनीने आपापली उत्तरं कागदावर लिहून टाकली आहेत. ही जागा मी दोघांचीही शेजारी शेजारी ठेवून बसवली. ब्राम्सच्या एका हातात ती व्हायोलिनच्या जवळ राहते, श्वास कोंडल्यागत. बुसोनी तिथून जो वाढत जातो तो थेट ऑर्गनपर्यंत. मग डी मेजर येतो. व्हायोलिनवर तो जवळजवळ कुजबुज. बुसोनीने तिथे ‘जणू ट्रोम्बोन’ अशी सूचना लिहिली आहे. मऊ, खालच्या सप्तकात, पितळी वाद्यांचा ताफा हलके वाजतोय असा. मला वाटतं अख्ख्या रूपांतरातली ही सगळ्यात धीट कल्पना, आणि सगळ्यात पटणारी. जिथे तो नुसती सप्तकं दुप्पट करून दणदणाट करतो तिथे मला तो तितकासा आवडत नाही. ते मी आवाज दाबून वाजवलं. बुसोनीप्रेमींना रुचणार नाही, पण छोट्या हॉलमध्ये त्याचा पूर्ण दणका म्हणजे कानठळ्या.

पाठांतर हा वेगळाच छळ. सांगाडा एकच असल्यामुळे प्रत्येक चार बारांच्या शेवटी हात कुठल्याही दारातून बाहेर पडू शकतो. त्यात माझ्याकडे दोन शाकॉन, म्हणजे ब्राम्सच्या शेपटीला बुसोनीचं तोंड लागायची भीती. मी सगळ्या तुकड्यांना क्रमांक दिले आणि मुलीला म्हटलं, कुठलाही आकडा सांग. ती डबा भरताना ओरडायची, “एकोणतीस, बुसोनी!” आणि मी तिथून सुरू करायची. शाळेची बस यायच्या आत तीन-चार व्हायचे.

रिसायटल ऑगस्टमध्ये होतं. पावसाळ्यात पियानोचं काय होतं ते ज्यांच्या घरी पियानो आहे त्यांना ठाऊक आहे: लाकूड फुगतं, कळा जड होतात, फेल्ट ओलसर. घरच्या अपराइटच्या पोटात मी जून ते सप्टेंबर एक छोटा बल्ब पेटता ठेवते, त्याने तग धरतो. हॉलच्या ग्रँडला असले लाड कोण करणार? ट्यूनर काका सकाळच्या इंद्रायणीने मुंबईहून आले, मधल्या डीशेजारची एक कळ दाबली की वर यायला आळस करत होती ती त्यांनी सोडवली, सगळा पियानो लावला आणि जाताना म्हणाले, “मॅडम, रात्रीपर्यंत धरेल. उद्याचं विचारू नका.” मी उरलेली दुपार फक्त पेडल शोधण्यात घालवली. त्या पियानोचं अर्धं पेडल माझ्या घरच्यापेक्षा बरंच खाली होतं.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे डाव्या बाजूच्या खुर्च्या आधी भरल्या, हात दिसावेत म्हणून. ब्राम्सच्या वेळी तो शहाणपणा सार्थकी लागला. पहिल्या काही बारांनंतर मला समोरून हालचाल जाणवली. लोक माना उंच करून दुसरा हात शोधत होते. मध्यंतरात चहाच्या टेबलाशी एक आजोबा काळजीने जवळ आले आणि विचारलं, “उजव्या हाताला काही झालंय का हो?” मी क्लारा शुमानच्या ड्रॉवरची गोष्ट सांगितली. त्यांना ती शाकॉनपेक्षा जास्त आवडली असावी. घरी मात्र फारसं कुणी गेलं नाही.

उत्तरार्ध मी सिलोटीच्या बी मायनर प्रिल्यूडने सुरू केला. बाखने मोठ्या मुलाच्या, विल्हेल्म फ्रीडेमानच्या शिकवणीच्या वहीत लिहिलेला ई मायनरमधला छोटा प्रिल्यूड अलेक्सांदर सिलोटीने पट्टी बदलून घेतला आणि पुनरावृत्तीत आतली एक लपलेली ओळ वर काढली. मूळ संगीतात ती होतीच. तीन-चार मिनिटांत काम तमाम, आणि दोन डी मायनरच्या मध्ये कानाला वेगळी हवा. मग बुसोनी. त्याबद्दल वाजवणारीने काय सांगावं? एवढं कळलं, की मघाशी एका हातात ऐकलेली जागा पुन्हा आली की सभागृहातून ओळखीची चुळबुळ यायची. आर्पेजिओंच्या जागी ती सगळ्यात स्पष्ट होती. एन्कोअरला, म्हणजे टाळ्यांनंतरच्या जादा तुकड्याला, पियानोवादक मायरा हेसने पियानोवर उतरवलेलं बाखचं ‘जीझू’ वाजवलं. युद्धकाळात लंडनच्या नॅशनल गॅलरीत १९३९ ते १९४६ दुपारच्या मैफली चालवणारी हीच ती बाई. कॅम्पातल्या चर्चमध्ये लहानपणी गायलेले अर्धे लोक मागून गुणगुणत होते.

मिसनी निकाल दिला तो दुसऱ्या दिवशी फोनवर. ब्राम्स चांगला झाला, सिलोटी फार हळू, आणि बुसोनी “जास्ती बोलतो, पण तू त्याला थोडा गप्प केलास.” कौतुक म्हणून मी ते घेतलं. नंतर त्यांनी विचारलं की क्रम असा का, आधी एक हात आणि मग दोन? मी चढत्या आवाजाचा विचार केला होता. त्यांचं म्हणणं, आधी भरलेलं ऐकवावं, मग रिकामं. लोकांच्या कानात बुसोनीचे सगळे स्वर असताना ब्राम्स वाजला, तर त्या एका हातात ते स्वर लोक स्वतः घालतील.

पुढचा कार्यक्रम हिवाळ्यात आहे आणि क्रम उलटा ठेवायचा असं जवळपास ठरलंय. अडचण एकच: बुसोनीतली सप्तकं वाजवून डावा हात आधीच भरून आलेला असतो आणि लगेच त्याच्याच जिवावर अख्खा शाकॉन. मध्ये मध्यंतर घातलं तरी पुरत नाही, हे घरी करून पाहिलंय. तूर्तास बुसोनीच्या शेवटच्या पानांतली डाव्या हाताची सप्तकं कुठे हलकी करता येतील ते पेन्सिलने खुणा करत शोधतेय, आणि मधे सिलोटीऐवजी रखमानिनॉफने बाखच्या ई मेजर पार्टिटातून उतरवलेला गव्होत हा नाच घालून बघतेय. तोही व्हायोलिनचाच, पण त्यात डाव्या हाताला जरा दम खायला मिळतो.